थोरल्या डिस्कचा मान

कोरेगावच्या वाचनालयात हवालदार नानासो कदम चिडले, की खाली सायकलवाल्याच्या हातातली हातोडी थांबायची. नानांच्या चिडण्याला एक ठरलेली रीत होती. आधी चष्मा काढायचा. मग तो सदऱ्याच्या टोकानं सावकाश पुसायचा. मग डोळ्यांवर न चढवता समोरच्याकडे नुसतं बघायचं, आणि मग आवाज लावायचा. जुन्या नाटकांत खलपुरुष आत यायच्या आधी तबल्यावर एक थाप पडायची. नानांचं चष्मा पुसणं म्हणजे ती थाप. ज्यांना ठाऊक होतं ते चष्मा उतरलेला दिसताच जिना गाठायचे. बाकीचे ऐकून घ्यायचे, आणि ऐकता ऐकता त्यांच्या मनात यायचं, की हा गडी स्टेजवर असता तर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द पोचला असता.

स्टेजवर ते होतेही, पण विंगेत. नाना फौजेत सिग्नलला होते. जबलपूर झालं, लेह झालं, आसामातली चिखलातली वर्षं झाली. पण वार्षिक सुट्टी ते गावच्या जत्रेलाच मागून घ्यायचे, कारण जत्रेत गावकऱ्यांचं नाटक असायचं आणि उजव्या विंगेतला प्रॉम्प्टर नानासोच, हे गावानं धरूनच चाललेलं असायचं. चेहऱ्याला रंग नाही, अंगावर जरीचे कपडे नाहीत, टाळी नाही. तरी राजा अडखळला की त्याच्या तोंडात शब्द ठेवणारा माणूस तोच. बिनतारी यंत्रावर बोललेलं पलीकडच्याला नीट पोचलं पाहिजे, ही फौजेची शिस्त त्यांनी विंगेत आणली, की विंगेतली फौजेत नेली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

निवृत्त झाल्यावर ऊस भावाच्या हाती सोपवून नाना वाचनालयात येऊन बसू लागले. तिथं एका बँकेनं टाकून दिलेला कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. नानांनी शेवटच्या पोस्टिंगला लिनक्स शिकून घेतलं होतं, ते त्यांनी त्याच्यावर चढवलं आणि मशीन पळायला लागलं. आतली जुनी हार्डडिस्क लहान पडली म्हणून त्यांनी दुसरी मोठी बसवली. जुनीला ते थोरली म्हणायचे, नवीला धाकटी. सगळा कारभार धाकटीवर, आणि त्यातल्या मोलाच्या गोष्टींची एक प्रत थोरलीवर. मशीन चालू झाल्याबरोबर सगळ्यात आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो मात्र नानांनी दोघींच्याही दारात उभा केला होता. एक पहारेकरी पडला तर दुसरा असावा, ही फौजी खोड.

दुसरी खोड खंडेनवमीची. त्या दिवशी कोरेगावात कोणी कोयत्याला हळद लावतो, कोणी ट्रॅक्टरला हार घालतो. नानांचं तेवढ्यावर भागायचं नाही. त्यांच्या युनिटात पूजेच्या दिवशी एकूण एक यंत्र उघडून, पुसून, घोंगडीवर ओळीनं मांडलं जायचं आणि मग त्याला कुंकू लागायचं. वाचनालयातही ते तसंच करायचे. मशीनचा डबा उघडायचे, दोन्ही डिस्क बाहेर काढायचे, पांढऱ्या चादरीवर ठेवायचे, पुसायचे आणि झेंडूच्या पाकळ्या वाहायचे. ग्रंथपाल दीपमाला निरांजन घेऊन उभी असायची. तिला पहिल्या वर्षी हसू आलं होतं. पुढं तीच आदल्या दिवशी चादर धुऊन आणायला लागली.

आता त्या मशीनमध्ये मोलाचं काय होतं, ते सांगायला हवं.

दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोरेगावच्या बाजूला उतरतात आणि रिकाम्या रानांत वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसवतात. त्यांच्यात अर्जुना देवकाते नावाचा म्हातारा होता. बिरोबाची सबंध ओवी त्याला येत होती. अशी, की सांज ढळताना सुरू करावी आणि दिवस उगवताना सोडावी. तुकडे पुष्कळांना येत. सबंध एकट्या त्याला. नानांनी त्याला वाचनालयात आणून, खिडक्या लावून, ती ओवी टप्प्याटप्प्यानं मशीनमध्ये भरून घेतली. म्हातारा तयार झाला, पण एका अटीवर. ओवी मोबाइलात जायची नाही. ही बसून ऐकायची चीज आहे, खिशात घालून हिंडायची नव्हे. ज्याला पाहिजे त्यानं इथं यावं, पायताण काढावं, मांडी घालावी. नानांनी भंडारा कपाळाला लावून शब्द दिला. म्हणून ओवीच्या प्रती दोनच, एक थोरलीवर आणि एक धाकटीवर, दोन्ही त्याच खोलीत, त्याच डब्यात.

म्हातारा गेल्या उन्हाळ्यात गेला. बिरोबाच्या माघातल्या जत्रेत ओवी म्हणायचा मान त्याचा मुलगा बिराप्पा याच्याकडे आला. बिराप्पाला अर्धीच येत होती. बापाच्या मागं मेंढरं राखण्यात त्याची वर्षं गेली होती आणि शिकायचं राहून गेलं होतं. म्हणून यंदा वाडा कोरेगावच्या शिवारात बसल्यापासून तो दुपारी मेंढरं भावाकडं देऊन वाचनालयात यायचा. काठी दाराशी टेकवायचा, घोंगडी अंथरायचा आणि बापाच्या आवाजासमोर बसायचा. ऐकायचा, थांबवायला सांगायचा, म्हणून बघायचा. जत्रा जवळ आली होती आणि शेवटचा भाग अजून बाकी होता.

असं असताना एका सकाळी दीपमालानं मशीन लावलं. पडद्यावर खिडकी आली की अपडेट आलेत, घालू का. तिनं घाल म्हटलं. घातलं, मशीन स्वतःच बंद झालं, पुन्हा उठायला गेलं, आणि उठलंच नाही. काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ की अमुक एक खूण सापडत नाही, आणि तिच्याखाली दोन शब्द, ग्रब रेस्क्यू. ग्रब हे त्या बूटलोडरचंच नाव.

नाना आले तेव्हा पोलीस भरतीचे फॉर्म भरायला आलेली पोरं जिन्यापर्यंत रांगेत उभी होती. नानांनी पडदा बघितला. चष्मा काढला. पोरं बिचारी नवी होती, जागची हलली नाहीत.

त्या दिवशी पहिली पाळी दीपमालाची आली. न विचारता हात लावलाच कसा, इथपासून सुरुवात झाली आणि पहारा सोडून गेलेल्या शिपायाचं फौजेत काय करतात इथपर्यंत गेली. दीपमाला काही उलट बोलणाऱ्यांतली नव्हती.

"त्यानं विचारलं, मी हो म्हटलं," एवढं ती म्हणाली आणि टेबलाशी बसून वर्तमानपत्रांवर शिक्के मारायला लागली. शिक्के जरा जोरात पडत होते.

मग नानांनी मोर्चा त्या न दिसणाऱ्या लोकांकडे वळवला, जे कुठल्या तरी मुलखात बसून हे अपडेट पाठवतात. चालतं मशीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला रोज उठून नवं काय पाजायचं असतं? आणि वर हे रेस्क्यू. "रेस्क्यू म्हंतंय," नाना पोरांना म्हणाले, "आन् हात बांधून हुबं हाय." त्यांनी त्याच काळ्या पडद्यावर मशीनला विचारून बघितलं, तुला डिस्क किती दिसतात. दोन, असं उत्तर आलं. म्हणजे दोघीही शाबूत होत्या. दोघीही घरात, दिवा लावलेला, आणि दार तेवढं उघडत नव्हतं. याचा तर त्यांना आणखीच संताप आला.

वाचनालयाचे अध्यक्ष वीरधवल हे उसाच्या वाहतुकीतले माणूस, वयानं चाळिशीतले, मनानं चांगले. त्यांना रांगेतल्या एका पोराच्या बापाचा फोन गेला. त्यांनी साताऱ्याच्या एका दुरुस्तीवाल्याला सांगितलं, आणि तो दुपारी मोटारसायकलवर पाठीला पिशवी लावून हजर झाला. तिशीचा, हसरा, कानात फोनची गोळी. त्यानं काळा पडदा बघितला आणि खुर्चीत बसायच्या आधीच निकाल दिला.

"लिनक्स हाय व्हय काका? कशाला ठेवलंय हे? फॉरमॅट मारू. अर्ध्या तासात चकाचक."

फॉरमॅट मारू. हे दोन शब्द आपल्याकडे इतक्या सहज म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं माणूस केस कापायचं सांगतोय. मशीन हळू चाललं, फॉरमॅट मारू. पडदा लुकलुकला, फॉरमॅट मारू. आत कुणाच्या लग्नाचे फोटो असतील, मेलेल्या आईचा आवाज असेल, कुणी दहा वर्षं जुळवलेलं काही असेल, हे विचारायची पद्धतच नाही. जे कळत नाही ते पुसून टाकायचं आणि वरून रंग द्यायचा. असंच कितीतरी पुसलं गेलं आपल्या डोळ्यांदेखत. नाटकांचे रंगवलेले पडदे चुन्याच्या भट्टीवर झाकण म्हणून गेले, पायपेट्या भंगारात गेल्या, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी हसऱ्या तोंडाचा माणूस जागा रिकामी झाली म्हणून खूश होता.

नानांचा चष्मा उतरलेलाच होता.

"कुलूप अडकलं म्हणून घर पाडतूस व्हय रं?"

दुरुस्तीवाला गडबडला, पण रागावला नाही. त्यानं समजावून सांगितलं, की दुकानात दिवसाला ढीगभर मशीन येतात, एकेकाचं दुखणं शोधत बसलं तर गिऱ्हाईक दारात शिव्या घालतं. अध्यक्षांनीच सांगितलंय. हवं तर त्यांच्याशी बोला. त्यानं फोन लावून नानांच्या हातात दिला.

वीरधवल आवाज खाली ठेवूनच बोलले. पोरांच्या फॉर्मची मुदत आहे, गरिबाची पोरं आहेत, सायबर कॅफेवाला त्यांना लुटतो, म्हणून आपण ही सोय केली. मशीन सुरू झालं पाहिजे. ओवीचं वाईट वाटतं, पण मेलेल्यासाठी जित्यांना किती अडवायचं, नाना?

हे शेवटचं वाक्य नानांना लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. रांगेतली पोरं समोर होती. त्यांच्याच भावकीतलं एक होतं त्यात. नानांनी फोन परत दिला. घरी जाऊन आपला पेनड्राइव्ह आणावा, त्यावरनं मशीन उठवून आत शिरावं, हे मनात होतं. पण ते जाऊन येईपर्यंत इथं काय शिल्लक राहील? दुरुस्तीवाल्याचा पेनड्राइव्ह पिशवीतून बाहेर आलाच होता.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. बिराप्पा आला. नेहमीसारखं पायताण काढलं, काठी टेकवली, घोंगडी अंथरली आणि बसला. मग त्याला काळा पडदा दिसला. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"हवालदार," तो म्हणाला, "बा बोलत न्हाई व्हय आज?"

त्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो सोसवला नाही. दीपमालाचा शिक्का हवेत राहिला. नाना उठले, भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं, टेबलाच्या खणातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डब्याची बाजू उघडली.

"काय करताय काका?"

"वायरी काढतोय. दोन्ही डिस्कच्या. मग मार फॉरमॅट, कशावर मारतूस ते बघू."

ते सबंध आयुष्य हुकमाप्रमाणं वागलेले. अध्यक्षाचा हुकूम मोडायची ही पहिलीच वेळ. त्यांनी आत हात घातला, पहिल्या खाचेतली वायर बोटांनी चाचपत डिस्कपर्यंत नेली, आणि तिथंच थांबले. त्या डिस्कवर कुंकवाचा टिळा होता. वाळलेली झेंडूची एक पाकळी अजून चिकटून बसलेली. आणि डिस्क थोरली होती.

पहिल्या खाचेत नेहमी धाकटी असायची. नानांनी स्वतः बसवली होती. ते उगीच बोलल्यासारखं म्हणाले, "ही हितं कशी?"

दीपमालानं शिक्का खाली ठेवला. सकाळपासून जे गिळलं होतं ते तिनं आता शांतपणे बाहेर काढलं. "आवं नाना, तुमीच न्हाई का बसवली. खंडेनवमीला. मी म्हटलं, धाकटी पयली होती का काय. तर तुमी म्हणाला, थोरली असताना धाकटीला पयला मान कसा दिऊ?"

दुरुस्तीवाला गालात हसला आणि लगेच गंभीर झाला.

नाना डब्यासमोर जमिनीवर बसले, आणि त्यांना एकदम गावची ती जत्रा आठवली. नाटकात राजा शेवटी मरायचा, त्या वर्षी पंचांनी ठरवलं की जिंकवायचा. शेवटच्या तालमीत बदल झाला. डाव्या विंगेतला प्रॉम्प्टर ऊसतोडीवर अडकला आणि त्या तालमीला आलाच नाही. प्रयोगात राजा नेमका डाव्या विंगेजवळ उभा. उजवीकडून नाना घसा कोरडा करून विजयाचं वाक्य सांगतायत, आणि राजानं जवळचं, डावीकडून आलेलं जुनंच वाक्य ऐकलं. मेला. आडवा झाला. सैन्य जयघोष करत आत आलं तर महाराज गतप्राण. गाव आठवडाभर हसलं.

इथंही तेच झालं होतं. मशीन आधी पहिल्या खाचेतल्या डिस्कच्या दारात जाऊन विचारतं. नानांनी मान म्हणून थोरलीला पुढं बसवलं, आणि तिच्या दारातला बूटलोडर इतके दिवस चोख काम करत राहिला, कारण आत काही बदललंच नव्हतं. आज अपडेटनं आतलं सगळं नवं केलं आणि धाकटीच्या दारातल्याला नवी तालीम दिली. थोरलीच्या दारातल्याकडं कोणी फिरकलंच नाही. तो आपला जुनी वाक्यं घेऊन इमानेइतबारे सगळ्यांच्या पुढं उभा. आतले लोक त्याला ओळखेनात, तो आतल्यांना ओळखेना.

अपडेटचा दोष निम्मा, आणि निम्मा कुणाचा ते कुंकवाच्या टिळ्यावर दिसत होतं. नानांना स्वतःचा असा राग आला, की तो काढायला जागा सापडेना. चष्मा तर आधीच उतरलेला. शेवटी त्यांनी तो डोळ्यांवर चढवला.

त्यांनी वायरी काढल्या आणि अदलाबदल केली. धाकटी पहिल्या खाचेत, थोरली दुसऱ्या. भिंतीवरचं बटण लावलं. पडदा काळा झाला, काळाच राहिला, पोरं मान उंचावून बघायला लागली. आणि मग ओळखीचं निळं पान उजाडलं, कोपऱ्यात घड्याळ आलं, आणि दीपमालानं ठेवलेला वाचनालयाच्या दाराचा फोटो आला. रांगेतलं कोणीतरी हुश्श म्हणालं. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी काळी खिडकी उघडून आज्ञा टाइप केली, की नवा बूटलोडर दोन्ही डिस्कच्या दारांत बसव. आणि यापुढं कधीही बदल झाला तर दोघांनाही सांगायचं, असं मशीनच्या कायमच्या आठवणीत घातलं. बंद करून, चालू करून बघितलं. मग वायरी मुद्दाम उलट्या लावून, थोरलीला पुढं आणून बघितलं. तेव्हाही उठलं. पुन्हा सुलट्या केल्या आणि डबा लावून टाकला.

दुरुस्तीवाल्यानं हे सगळं वाकून बघितलं. दोनदा फोन वाजला तो त्यानं घेतला नाही. पिशवी आवरताना तो म्हणाला, काका, आमच्याकडं अशी मशीन आली तर तुमच्याकडं पाठवू का. नाना म्हणाले, पाठीव, पण आधी गिऱ्हाइकाला इचार आत काय हाय म्हणून, आन् मग तोंडानं फॉरमॅट म्हण. तो हो म्हणाला. खरंच विचारील की नाही, कोण जाणे, पण म्हणाला.

मग नानांनी वीरधवलना फोन लावला आणि जसं घडलं तसं सांगितलं, टिळ्यासकट. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. नानांनी तो फोन कानापासून न हलवता ऐकून घेतला. हसणं संपल्यावर ते म्हणाले, "हसा. पण पुन्हा कुणाला पुसायला धाडायच्या आदी मला इचारा. मेलेल्यासाटी न्हाई म्हणत मी. ह्यो बसलाय हितं, ह्यो जित्ताच हाय."

फोन ठेवून ते दीपमालाच्या टेबलाशी गेले. फौजेत वरच्यानं खालच्याची माफी मागायची रीत नसते, आणि कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. त्यांनी पडलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढला, शिक्का घेतला आणि मारायला लागले. दोन-तीन वाकडे मारल्यावर दीपमालानं शिक्का काढून घेतला.

"राहू द्या नाना. पुढच्या खंडेनवमीला डबा बंद ठिवून कुंकू लावा म्हंजे झालं."

"चुकलं माजं, पोरी."

"ते कळलं," ती म्हणाली. "चा सांगू का?"

पोरांनी ठरवूनच टाकलं होतं, की आधी मेंढपाळाचं होऊ दे, आम्ही खाली थांबतो. बिराप्पानं नको म्हटलं, पोरांचं आधी. थोडी ओढाताण झाली आणि शेवटी पोरं जिन्यावर जाऊन बसली. दुरुस्तीवालाही निघाला होता, तो चहासाठी दारातच थांबला. नानांनी त्याच्या बुटांकडं बघितलं. त्यानं ते काढले.

ओवीच्या सुरुवातीला अर्जुनाचा खोकला आहे. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडायच्या आधी म्हातारा खोकला होता, लांबलचक, मेंढरांमागं हिंडून घशात साठलेली धूळ काढल्यासारखा. दीपमाला एकदा म्हणाली होती, तेवढा कापून टाकू या का. बिराप्पानं मान हलवून नाही सांगितलं होतं.

बिराप्पानं आज पहिल्यापासून लावायला सांगितलं, आणि नानांनी बटण दाबलं. क्षणभर नुसती खरखर आली, आणि मग खोकला. बिराप्पानं घोंगडीवर मांडी सारखी केली, पाठ ताठ केली, आणि बापाबरोबर श्वास घेतला.